सर्वकालीन वनडे संघ: आधी नियम ठरवा, मग नावं घ्या

तिसरी_स्लिप

सर्वकालीन वनडे संघाचा विषय निघाला की दहा मिनिटांत गाडी 'सचिन की कोहली' यावर येऊन अडते. माझं म्हणणं असं, की हा संघ कुठल्या नियमांनी खेळणार हे ठरल्याशिवाय एकही नाव लिहू नये.

वनडे हा गेल्या पन्नास वर्षांत एकच खेळ राहिलेला नाही. १९७५, १९७९ आणि १९८३ चे वर्ल्ड कप ६० षटकांचे होते. १९८७ पासून ५० झाली. १९९२ च्या वर्ल्ड कपला पहिल्या १५ षटकांत वर्तुळाबाहेर दोनच क्षेत्ररक्षक ठेवायचा नियम आला आणि सलामीवीराचं कामच बदललं. २०११ च्या ऑक्टोबरपासून दोन्ही टोकांनी वेगळा नवा चेंडू. म्हणजे शेवटच्या षटकातसुद्धा चेंडू पंचवीसच षटकं जुना, कडक आणि चकचकीत. रिव्हर्स स्विंग (जुना चेंडू उलट्या दिशेने वळणं) जवळपास गेला, फिरकीवाल्यांच्या बोटांना पकड मिळेना. २०२५ मध्ये आयसीसीलाच ३४ षटकांनंतर एकच चेंडू वापरायचा नियम करावा लागला.

म्हणून माझे नियम नव्वदच्या दशकाच्या अखेरचे. ५० षटकं, एक चेंडू, पहिल्या १५ षटकांत बाहेर दोघं. बॅट आणि बॉल दोघांनाही यात सगळ्यात जास्त न्याय होता असं मला मनापासून वाटतं.

संघ: सचिन, गिलख्रिस्ट (कीपर), रिचर्ड्स, कोहली, डिव्हिलियर्स, बेव्हन, कपिल, अक्रम, गार्नर (वेस्ट इंडीजचा वेगवान गोलंदाज), मुरलीधरन, मॅकग्रा. बारावा धोनी.

शेवटची_ओव्हर

धोनी बारावा? हे वाचून खरंच वाईट वाटलं.

३५० सामने, १०,७७३ धावा, सरासरी ५०.५७, आणि बहुतेक डाव पाचव्या-सहाव्या क्रमांकावर. वरच्या फळीला जमवायला वेळ मिळतो, याला मिळाला नाही. नियमांचंच म्हणाल, तर तुमच्या नियमांत चेंडू जुना होणार, खेळपट्टी संथ होणार, मुरलीला टर्न मिळणार. मग स्टंपच्या मागे कोण हवा? २०११ ची वानखेडेवरची फायनल आठवा. युवराजच्या आधी तो स्वतः उतरला, समोर तुमचाच मुरली. मुरलीला त्या रात्री एकही विकेट मिळाली नाही आणि धोनी ९१ नाबाद राहिला. एवढा मोठा पुरावा समोर असताना त्याला पाणी द्यायला बसवायचं?

तिसरी_स्लिप

धोनीबद्दल तुमचं जवळजवळ सगळं मान्य. पण गिलख्रिस्टचा स्ट्राइक रेट (शंभर चेंडूंमागे धावा) ९६.९४ आहे, आणि तोही बहुतेक सलामीला खेळून. २००७ च्या फायनलमध्ये ब्रिजटाऊनला १०४ चेंडूंत १४९. सलामीवीर आणि कीपर एकाच माणसात मिळाला की एक जागा मोकळी होते. त्या जागेवर मी बेव्हन घेतला. १९९६ चा नववर्षाचा दिवस, सिडनी. वेस्ट इंडीजविरुद्ध १७३ करायच्या होत्या आणि ऑस्ट्रेलिया ६ बाद ३८. शेवटच्या चेंडूवर चौकार मारून त्याने सामना काढला. 'फिनिशर' हा शब्द आपल्या तोंडी रुळण्याआधीची गोष्ट आहे ही.

नाबाद

माझा आक्षेप गार्नरवर आहे, आणि थोडा रिचर्ड्सवरही.

गार्नरचा इकॉनॉमी रेट (षटकामागे दिलेल्या धावा) ३.०९. आकडा बघून डोळे दिपतात, पण समोर कोण होतं? त्या काळी चांगला चेंडू सोडून द्यायचा किंवा अडवायचा, हेच शिकवलं जायचं. १९७५ मध्ये लॉर्ड्सवर इंग्लंडने ३३४ केल्यावर आपल्या गावसकरांनी १७४ चेंडूंत नाबाद ३६ केल्या होत्या. त्यापेक्षा बुमराने आपला रेट पाचाच्या आत ठेवला, तो मला जास्त मोठा वाटतो. बुमरा आजच्या बॅटींसमोर, आजच्या सीमारेषांवर, स्कूप आणि रिव्हर्स स्वीप मारणाऱ्यांना टाकतो. गार्नरला कुणी स्कूप मारला होता?

तिसरी_स्लिप

गावसकरांचा तो डाव सगळ्यांना पाठ असतो. नागपूरचा मात्र कुणी काढत नाही. १९८७ च्या वर्ल्ड कपमध्ये अंगात ताप असताना न्यूझीलंडविरुद्ध ८८ चेंडूंत नाबाद १०३. तोच माणूस, तोच प्रकार. त्यामुळे त्या पिढीला मारता येत नव्हतं, हे मला पटत नाही.

आता गार्नर. आजच्या गोलंदाजाशी त्याची तुलना करू नका, त्याच्याच काळातल्यांशी करा. हॅडली ३.३०, होल्डिंग ३.३३, कपिल ३.७१, बोथम ३.९६. फलंदाज तेच, मैदानं तीच, तरी गार्नर सगळ्यांच्या खाली. आणि नुसतं धावा अडवणं नाही, १८.८४ च्या सरासरीने १४६ विकेट. १९७९ च्या फायनलमध्ये इंग्लंड २ बाद १८३ वरून १९४ ला आटोपलं. गार्नरने ११ चेंडूंत ४ धावा देऊन पाच जण काढले, त्यातले चार त्रिफळाचीत. पावणेसात फुटांवरून पायात येणारा यॉर्कर कुठल्याही दशकातल्या बॅटला अवघडच.

रिचर्ड्सलाही हीच फुटपट्टी लावा. त्याचा स्ट्राइक रेट ९०.२०. त्याच्याच संघातले ग्रीनिज आणि हेन्स पासष्टच्या आत. १९८४ ला ओल्ड ट्रॅफर्डवर वेस्ट इंडीजच्या २७२, त्यातल्या नाबाद १८९ एकट्याच्या. पुढची सगळ्यात मोठी धावसंख्या २६! शेवटच्या विकेटला होल्डिंगबरोबर १०६ जोडल्या, त्यात होल्डिंगच्या १२. हेल्मेट कधीच नाही. त्याच्याविना माझा संघ सुरूच होत नाही.

चहापान

फुटपट्टी आवडली, पण मग ती सगळीकडे लावा. झहीर अब्बास: सरासरी ४७.६२, स्ट्राइक रेट ८४.८०, ६२ सामन्यांत सात शतकं. काळ रिचर्ड्सचाच. तुमच्या हिशोबाने त्याचं नाव निदान चर्चेत तरी यायला हवं होतं, आणि ते कुणीच घेतलं नाही.

दुसरं, दोन चेंडूंमुळे रिव्हर्स स्विंग मेला म्हणता. १९९२ च्या वर्ल्ड कपलाही दोन्ही टोकांनी वेगवेगळे पांढरे चेंडू होते. तरी मेलबर्नच्या फायनलमध्ये अक्रमने लागोपाठ दोन चेंडूंवर लॅम्ब आणि लुईसचे दांडे उडवलेच. नियमांवर सगळंच ढकलता येत नाही, हातात कला लागते.

तिसरी_स्लिप

१९९२ चा मुद्दा बरोबर, तो माझ्याकडून सुटला होता. झहीरबद्दलही तुमचं खरं. ६२ सामने मला कमी वाटतात, पण निदान पंधरा जणांच्या चमूत त्याला घ्यायला हवं. घेतला.

पिंपळकट्टा

मी वांद्र्याची. माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर एमआयजीचं मैदान आहे. वनडेतलं जगातलं पहिलं द्विशतक तिथे झालं. १६ डिसेंबर १९९७, ऑस्ट्रेलियाची बेलिंडा क्लार्क, डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९. सचिनचं ग्वाल्हेरचं द्विशतक २०१० चं, म्हणजे बारा वर्षांहून जास्त नंतरचं. महिलांचा वर्ल्ड कपही पुरुषांच्या आधी, १९७३ मध्ये झाला. 'सर्वकालीन' म्हणता आणि झूलन गोस्वामीच्या २५५ विकेट कुणाच्या यादीत नाहीत. वेगळा संघ करा, पण करा. नवी मुंबईत २०२५ च्या सेमीफायनलला जेमिमा नाबाद १२७ करून रडली तेव्हा आमच्या इमारतीतल्या मुली गॅलरीत येऊन नाचत होत्या. त्यांच्यासाठी सर्वकालीन संघ तिथून सुरू होतो.

तिसरी_स्लिप

ताई, तो संघ तुम्हीच मांडा, सलामीला क्लार्क ठेवून. नव्या चेंडूवर झूलनच्या जोडीला कोण, हे मला तुमच्याकडून वाचायचंय.

आणि @शेवटची_ओव्हर, रात्री पुन्हा विचार केला. बेव्हनला बारावा करतो, सहाव्या क्रमांकावर धोनी. कप्तानही तोच. ग्लोव्ह्ज मात्र गिलख्रिस्टकडे.

शेवटची_ओव्हर

कप्तानी मान्य. पण मुरली टाकत असताना धोनी मिडविकेटला उभा? नाही हो, हे नाही पटत.