मदत हवी आहे: स्विचवर 'डूम' घेऊ का?

नमस्कार मंडळी. मी खानापूरचा, कॉलेजसाठी रोज बसनं बेळगावला जातो. वाटेत खेळायला मित्राकडून जुना निन्टेन्डो स्विच (हातात धरून किंवा टीव्हीला जोडून खेळायचं गेमिंग यंत्र) घेतलाय. २०१६ चा 'डूम' हा शूटर, म्हणजे गोळीबाराचा गेम, त्यावर २०१७ मध्ये आला, तो घ्यायचाय. पण मतं दोन टोकांची! कुणी म्हणतं, एवढा गेम हातात मावतो हेच खूप; कुणी म्हणतं, चित्र धूसर, शिवाय सेकंदाला ६० ऐवजी ३०च फ्रेम (चित्रं), म्हणजे हालचाल कमी सफाईदार. शूटरमध्ये ते मला खटकतं. पुढे अपडेटनं स्विच हलवून नेम धरायची सोय आली, तिनं फरक पडतो का? आणि बस खड्ड्यांतून हादरत असताना नेम लागतो का? टीव्हीला न जोडता, हातात धरूनच पूर्ण खेळलेल्या कुणीतरी सांगा. पैसे साठवून घेतोय.