'मार्गदर्शकांचा अनुभव' आणि मुलाखतीतले इतर अडखळणारे शब्द

प्रश्न

परदेशात जाऊन पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शकांकडून काय मिळतं, काय मिळायचं राहतं, यावर मी मुलाखती घेते आहे. काही जण मराठीतून बोलतात, बाकीचे इंग्रजीतून. लिखाण मराठीत करायचं आहे. 'सुपरव्हिजन'ला काय म्हणावं इथेच अडले आहे: पर्यवेक्षण, मार्गदर्शन, निर्देशन की देखरेख? दुसरं असं की चाचणी मुलाखतीत मी पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्हाला मार्गदर्शकांचा अनुभव कसा आला?" ती मुलगी क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "नाही हो, तसं काही नाही, चांगले आहेत ते." पुढची वीस मिनिटं ती त्यांची बाजूच मांडत राहिली. प्रश्न तर साधा होता. कुठे बिनसलं?

प्रतिसाद १

'मार्गदर्शकांचा अनुभव येणे' या शब्दप्रयोगात बिनसलं. मराठीत माणसाचा अनुभव 'येतो' तेव्हा तो बहुतेक वेळा कडू असतो. "मला त्यांचा अनुभव आहे", "चांगलाच अनुभव आला", "एकदा अनुभव घेऊन बघा" ही वाक्यं मोठ्याने म्हणून पाहा, एकातही कौतुक ऐकू येत नाही. तुम्ही विचारलंत अनुभवाबद्दल, तिला ऐकू आलं 'तक्रार असेल तर सांगा'. म्हणून तिने आधी बचाव केला. 'मार्गदर्शनाचा अनुभव' म्हटलं की धार बरीच कमी होते, कारण बोट माणसावरून कामाकडे जातं. तरी माझं मत असं की 'अनुभव' हा शब्द प्रबंधाच्या शीर्षकात ठेवावा, तोंडी प्रश्नात आणूच नये. अनुभव हा आपण मुलाखतीतून काढायचा निष्कर्ष आहे. तो तयार करून देण्याचं काम समोरच्यावर का टाकायचं?

त्याऐवजी भेटीबद्दल विचारा. "मागच्या वेळी तुम्ही दोघं भेटलात ती भेट सुरुवातीपासून सांगाल का?" मानववंशशास्त्रज्ञ जेम्स स्प्रॅडली यांनी 1979 मध्ये अशा प्रश्नांना 'ग्रँड टूर' म्हटलं होतं, म्हणजे पाहुण्याला घर दाखवतो तसं सगळं फिरवून दाखवायला सांगणारा प्रश्न. मग आपोआप कळतं की बैठक कुणी ठरवली, मसुदा किती दिवस आधी पाठवला होता, आधी कोण बोललं, टिपणं कुणी घेतली, बाहेर पडताना हातात नेमकं काय होतं. मार्गदर्शनाचं नातं या तपशिलांतच सापडतं.

त्यानंतर एखादा प्रसंग विचारा. मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी 1954 मध्ये मांडलेल्या पद्धतीला मराठीत 'निर्णायक घटना तंत्र' म्हणता येईल, पण बोलताना 'निर्णायक घटना' विचारली तर माणूस काहीतरी भव्य शोधायला लागतो. 'लक्षात राहिलेला एखादा प्रसंग' पुरे. फक्त 'प्रसंग आला' किंवा 'प्रसंग ओढवला' असं म्हणू नका, पुन्हा संकटाची छटा येते.

आता सुपरव्हिजन. मूळ लॅटिन अर्थ 'वरून पाहणे', आणि 'पर्यवेक्षण'मधला 'ईक्ष्' हा धातूही पाहण्याचाच, त्यामुळे व्युत्पत्तीच्या दृष्टीने तो शब्द अगदी चपखल आहे. पण मराठी माणसाला पर्यवेक्षक म्हटलं की परीक्षेच्या वर्गात बाकांमधून फिरणारी व्यक्ती दिसते. देखरेख तर कामगारांवर आणि रुग्णांवर असते. 'निर्देशन' हिंदीतून ओळखीचं वाटतं, पण मराठी कानाला सूचना दिल्यासारखं लागतं. उरतं मार्गदर्शन. त्याची अडचण उलटी: तो शब्द मुळातच चांगला आहे. वाट दाखवली नाही तर ते मार्गदर्शन कसलं? त्यामुळे 'वाईट मार्गदर्शन' म्हणायला जीभ रेटत नाही. दुसऱ्या भाषांतही हा शब्द रिकामा नाही. जर्मनमध्ये 'डॉक्टरफाटर' म्हणजे डॉक्टरेटचा बाप, फ्रेंचमध्ये प्रबंधाचा 'दिरेक्तर' म्हणजे संचालक, अमेरिकेत सल्लागार. म्हणजे नात्याबद्दलची अपेक्षा पदनामातच बसलेली असते. दुसऱ्या देशातून आलेला विद्यार्थी ती अपेक्षा सोबत घेऊन येतो आणि तिथे पदनाम वेगळंच असतं. मला वाटतं, तुमच्या अभ्यासातली निम्मी गोष्ट या तफावतीत आहे, म्हणून हा शब्द आधीच ठरवून टाकू नका. पहिल्या पाच मिनिटांत विचारा, "तुम्ही त्यांना काय म्हणता? समोर असताना आणि मागे?" मग पूर्ण मुलाखतीत तिचाच शब्द वापरा, गाइड असो, सर असो, मॅडम असो की नुसतं पहिलं नाव.

प्रतिसाद २

'मुलाखत' या शब्दावरही जरा थांबावं. मूळ अरबी शब्दाचा अर्थ भेट, हिंदी-उर्दूतला 'मुलाक़ात' अजून भेटच आहे. मराठीत मात्र मुलाखत म्हणजे एक विचारणारा आणि दुसरा तपासला जाणारा. परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याने तर प्रवेशाची मुलाखत दिलेली असते, शिष्यवृत्तीची दिलेली असते, कधी व्हिसाचीही. प्रत्येक ठिकाणी चुकीच्या उत्तराची किंमत होती. "तुमची मुलाखत घ्यायची आहे" म्हटलं की तो पाठ केलेली उत्तरं काढतो. 'तुमच्याशी तासभर बोलायचं आहे' असं कळवा. कागदोपत्री अर्धसंरचित मुलाखत (विषय ठरलेले, पण प्रश्नांचा क्रम मोकळा) लिहा, तो शब्द रुळलेला आहे.

एक धोक्याची सूचना. 'इंटरव्ह्यू गाइड'ला, म्हणजे विचारायच्या प्रश्नांच्या टिपणाला, आपण मुलाखत-मार्गदर्शिका म्हणतो आणि स्त्री मार्गदर्शकही मार्गदर्शिकाच. "तिसऱ्या मुलाखतीनंतर मार्गदर्शिका बदलली" हे वाक्य तुमच्या प्रबंधात आलं तर वाचणारा दचकेल. 'प्रश्नसूत्र' किंवा साधं 'प्रश्नांचा आराखडा' म्हणा. 'प्रश्नावली'ही नको. ती छापील, ठरल्या क्रमाची, भरून द्यायची असते.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. प्रश्न पुन्हा लिहायला बसले आहे. अजून दोन शंका. 'आंतरराष्ट्रीय विद्यार्थी' की 'परदेशी विद्यार्थी'? आणि इंग्रजी मुलाखतीतलं 'ही सेड' मराठीत आणताना मी सरसकट 'ते म्हणाले' करते आहे, ते बरोबर आहे ना?

प्रतिसाद २

पहिल्याचं उत्तर व्याख्येत आहे. ओईसीडी या देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेच्या आकडेवारीत हे दोन वेगळे गट आहेत: शिकण्यासाठी देश ओलांडून आलेला तो आंतरराष्ट्रीय, त्या देशाचं नागरिकत्व नसलेला तो परदेशी. तिथेच लहानाचा मोठा झालेला, पण नागरिकत्व न मिळालेला मुलगा दुसऱ्यात मोडतो, पहिल्यात नाही. तुमचा विषय येऊन रुजण्याचा आहे, तेव्हा आंतरराष्ट्रीय. शिवाय 'परदेशी' कुणाच्या दृष्टीने, हा घोळ टळतो. आपल्याला तर ते मार्गदर्शकच परदेशी.

प्रतिसाद १

'ते म्हणाले' सरसकट करू नका, ही कळकळीची विनंती. इंग्रजीत न सांगितलेला आदर तुम्ही तिच्या तोंडी घालता आहात. जी मुलगी आपल्या प्राध्यापकांना नावाने हाक मारते, तिच्या मराठी वाक्यात अचानक पदर खांद्यावर येतो. उलट एकेरी 'तो म्हणाला' केलं तर मराठी वाचकाला ती उद्धट वाटेल. म्हणूनच आधी सुचवलेला 'काय म्हणता?' हा प्रश्न इथे कामाला येतो. तिने सांगितलेल्या संबोधनावरून एकेरी-आदरार्थी ठरवा आणि भाषांतराचा हा निर्णय पद्धतीच्या प्रकरणात लिहून ठेवा. मराठीतून बोलणाऱ्यांच्या मुलाखतीत तर कान देऊन ऐका. मुलाखतीच्या सुरुवातीला 'सर म्हणाले' म्हणणारा चाळीस मिनिटांनी 'तो म्हणाला' म्हणू लागला, तर ती जागा शब्दांकनात तशीच राहू द्या. कुणीतरी व्याकरण सुधारायचं म्हणून ती सारखी करून टाकतं आणि सर्वांत मोलाची ओळ हातची जाते.

तसंच 'बघू', 'ठीक आहे', 'इंटरेस्टिंग' हे शब्द आले की पुढे सरकू नका. मार्गदर्शक "इंटरेस्टिंग" म्हणाले आणि विद्यार्थ्याने तीन महिने त्याच दिशेने काम केलं, पण त्यांना म्हणायचं होतं 'हे सोडा'. "तेव्हा तुम्हाला त्याचा अर्थ काय वाटला? आणि आता काय वाटतो?" असे दोन वेगळे प्रश्न विचारा.

प्रतिसाद २

संमतीपत्रात 'अनामिकता' (कोण बोललं ते ओळखू न येणं) आणि 'गोपनीयता' (सांगितलेलं इतरांपर्यंत न जाणं) एकाच अर्थाने वापरू नका. नाव बदललं म्हणजे अनामिक झालं असं नाही. विभागात एखाद्या देशाची एकच विद्यार्थिनी असेल तर देशाचं नाव लिहिताच ती ओळखू येते, आणि तिचं शिफारसपत्र अजून त्याच मार्गदर्शकांच्या हातात असतं. 'तुमचं नाव कळणार नाही' असं वचन देण्यापेक्षा कोणते तपशील गाळणार ते तिला दाखवा.

मूळ प्रश्नकर्ती

आत्ताचा पहिला प्रश्न असा झाला आहे: "मागच्या वेळी तुमची आणि तुमच्या गाइडची भेट झाली ती सुरुवातीपासून सांगाल?"

प्रतिसाद १

'गाइड' खोडा. तिथे मोकळी जागा ठेवा, ती कोणता शब्द वापरते ते ऐकून भरा.