'मूळ संख्या' की 'अविभाज्य संख्या'?

प्रश्न: एका गणितावरच्या लेखाचं मुद्रितशोधन करतोय. त्यात '2147483647 ही मूळ संख्या आहे' असं वाक्य आहे. लेख चाळणाऱ्या एकाने विचारलं, "ही मूळ, तर मग बदललेली कुठली?" हसलो, पण त्याचं फारसं चुकलं नाही. शाब्दिक उदाहरणांत 'मूळ संख्येत 5 मिळवल्यास' असं आपण सर्रास लिहितोच. 'अविभाज्य' करू का?

उत्तर: नका करू. 'विभाज्य' म्हटलं की 'कशाने?' हा प्रश्न येतोच. 9 ही 2 ने अविभाज्य आहे, म्हणून ती काही मूळ होत नाही. उलट 7 ला 1 ने आणि 7 ने भाग जातोच. 'मूळ'मध्ये खरी गोष्ट सांगितलेली आहे: 1 पेक्षा मोठी कुठलीही नैसर्गिक संख्या एक तर मूळ असते, नाही तर मूळ संख्यांच्याच गुणाकारातून बनते, आणि तीही एकाच प्रकारे. शिवाय सहमूळ (1 सोडून सामाईक विभाजक नसलेल्या संख्या), जोडमूळ (2 चा फरक असलेल्या मूळ संख्या) ही भावंडं आहेत, त्यांचं काय करणार? (8 आणि 9 सहमूळ आहेत, पण मूळ दोघांपैकी एकही नाही.)

आणखी एक: हिंदीत 'अभाज्य' रुळला आहे. भास्कराचार्यांच्या कुट्टकात (समीकरणांची पूर्णांकी उत्तरं काढायच्या रीतीत) 'दृढ' येतो, पण तो सामाईक विभाजक काढून टाकलेल्या जोडीसाठी, म्हणजे आपल्या सहमूळच्या जवळचा.

उत्तर: 'कशाने?'चा मुद्दा मोठ्या संख्यांपाशी जास्त जाणवतो. 2 चा 67 वा घात उणे 1 ही संख्या फ्रेंच गणितज्ञ मर्सेनने 1644 मध्ये मूळ म्हणून नोंदवली होती. ती तशी नाही हे गणितज्ञ ल्युकाने 1876 मध्ये दाखवलं, पण एकही अवयव न सांगता! 193707721 × 761838257287 हे अवयव गणितज्ञ कोलने 1903 मध्ये मांडले. मधल्या काळात ती 'संयुक्त' आहे एवढंच म्हणता येत होतं, 'कशाने विभाज्य' ते नाही.

तुमची संख्या म्हणजे 2 चा 31 वा घात उणे 1. ती मूळ असल्याचं गणितज्ञ ऑयलरने 1772 मध्ये कळवलं. तिचं वर्गमूळ (हेही 'मूळ'च, घ्या!) 46340 च्या थोडं पुढे, त्यामुळे तिथपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं. त्यातही ज्यांना 248 ने भागल्यावर 1 किंवा 63 बाकी उरते, तेवढ्याच तपासाव्या लागतात.

प्रश्न: शेजारीच 'ऑयलरने तिचे मूळत्व सिद्ध केले' असंही आहे.

उत्तर: जातीचा दाखला काढल्यासारखं वाटतं. 'ती मूळ आहे हे सिद्ध केलं' म्हणा की सरळ.

प्रश्न: ठीक. मग 'मूळ' विशेषण मागे नेतो: '2147483647 ही संख्या मूळ आहे.' आणि शाब्दिक उदाहरणांत 'मूळ संख्येत'च्या जागी 'दिलेल्या संख्येत'.