नवे ब्रेक पॅड टाकले की लगेच घाट?

जालनारोडकर: परवा इथं एकानं लिहिलं की नवे पॅड अन् डिस्क (चाकासोबत फिरणारी चकती, जिला पॅड दाबतो) आपोआप बसतात, बेडिंग, म्हणजे मुद्दाम ब्रेक मारून ते एकमेकांना बसवणं, हे रिकामटेकड्यांचे उद्योग. वाचून डोकं फिरलं म्हणून लिहायलोय. मागच्या उन्हाळ्यात मी पॅड-डिस्क दोन्ही नवे टाकले, गॅरेजवाला म्हणला काही करायचं नाही, बिनधास्त पळवा, अन् दुसऱ्याच दिवशी लेकरं घेऊन चाळीसगावकडं कन्नडचा घाट उतरलो. निम्म्यात जळका वास, पेडल दाबलं तरी गाडी पाहिजे तशी थांबंना. खाली आल्यावर घाबरून तसाच ब्रेक दाबून उभा राहिलो. तेव्हापासून 80 ला ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं. अरे मोकळ्या रस्त्यावर 60 वरून 10 पर्यंत आठ-दहा वेळा जरा दाबून ब्रेक मारायचा, पूर्ण थांबायचं नाही, मग दहा मिनिटं ब्रेक न लावता चालवून थंड करायचं. एवढंच.

बीडचा पिकअपवाला: ती पोस्ट माझीच. 22 वर्षं गाडी चालवायलोय, मांजरसुंब्याचा घाट रोजचा, एकदाही असलं केलं नाही. तुमची डिस्कच वाकडी आली असंल.

वाळूज मिस्त्री: नवी डिस्क वाकडी क्वचितच येते भाऊ. पॅडचा पातळ थर डिस्कवर सगळीकडं सारखा बसावा लागतो. तापलेला पॅड एका जागी दाबून धरला की तिथंच जाड डाग पडतो, थरथर त्याचीच. नवी डिस्क ब्रेक क्लीनरनं धुतली होती का? गंज लागू नये म्हणून तेल असतं तिला.

लातूरकर: ते राहू द्या, घाट कोणत्या गिअरला उतरलात?

जालनारोडकर: चौथ्या.

लातूरकर: मग पॅडला कशाला दोष? दुसऱ्यावर उतरायचं, इंजिनच गाडी धरून ठेवतं.

बीडचा पिकअपवाला: आम्ही तर न्यूट्रल करतो, डिझेल वाचतं.

लातूरकर: काय सांगायलात! आजकालच्या इंजिनात गिअरमध्ये ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंधन बंदच होतं, न्यूट्रलला उलट आयडलिंगला जळतं. अन् आमच्या काकांनी तर इंजिनच बंद केलं होतं, बूस्टरचा, म्हणजे पेडल हलकं करणाऱ्या भागाचा, व्हॅक्यूम संपला, पेडल दगडासारखं झालं, गाडी कठड्याला लागली. तीन महिने अंथरुणावर होते. असलं लोकांना शिकवू नका!

बीडचा पिकअपवाला: आवाज चढवू नका, इंजिन मी कधीच बंद करत नाही.

वाळूज मिस्त्री: दादा, इंजिन चालू असलं तरी न्यूट्रलला सगळा भार ब्रेकवरच. तुमचे पॅड बसतात कारण पॅड टाकल्यावर दोन-तीनशे किमी तुम्ही गावातच दमानं हिंडत असाल.

बीडचा पिकअपवाला: हां, तसं होतं खरं, मोंढ्यातल्या फेऱ्या असतात. बरं, पुढच्या वेळी दहा ब्रेक मारून बघतो. न्यूट्रलचं मात्र मला अजून पटलं नाही.

जालनारोडकर: मिस्त्री, माझ्या थरथरीचं काय करू?

वाळूज मिस्त्री: डिस्कची जाडी मोजा. किमान किती पाहिजे ते तिच्यावरच कोरलेलं असतं. माल शिल्लक असंल तर लेथवर हलकी घासून घ्या, नसंल तर बदला. पॅड नवे टाका. अन् घाटाआधी बसवून घ्या.