शेतावर घोड्यावर बसलात आणि फजिती झाली? अनुभव सांगा

दर रविवारी सकाळी मी पिरंगुटच्या पुढे एका शेतावर स्वयंसेवक म्हणून जाते. रेसमधून बाद झालेले आणि वरातींतून सुटलेले घोडे तिथे सांभाळतात. जोडीला म्हशी, शेळ्या, बदकं आणि एक लंगडं गाढव. रेसचा घोडा २ वर्षांचा असतानाच पळायला लागतो आणि नीट ठेवला तर २५ वर्षं सहज जगतो. म्हणजे पळणं संपलं तरी आयुष्य बरंच उरलेलं असतं. ते सुखात जावं यासाठी ही सगळी धडपड.

पहिले चार महिने मी फक्त खरारा केला, लीद काढली, चंदी दिली. मग तिथल्या मामांनी मला चंद्रा नावाच्या घोडीवर बसू दिलं. मामांचा जन्म पागेत गेलाय. चंद्रा १७ वर्षांची, शांत. तिची मैत्रीण म्हणजे मोगरा नावाची पांढरी शेळी. घोड्याला एकटं राहवत नाही. रेसच्या तबेल्यातसुद्धा बिथरणाऱ्या घोड्याजवळ शेळी बांधतात. हे मला माहीत होतं. पण मोगराला मागे ठेवून निघायचं नसतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

ओढ्यापर्यंत छान गेलो. तेवढ्यात लांबून मोगरा ओरडली. चंद्राचा एक कान मागे वळला, मग दुसरा, आणि मी लगाम आवळेपर्यंत अख्खी घोडी वळली होती. जी सुटली ती थेट गोठ्यात! गोठ्याचं दार माणसाच्या उंचीचं. मी तिच्या मानेवर पालथी पडले, तोंडात आयाळ, डोळे मिटलेले. उघडले तेव्हा आम्ही म्हशींच्या दावणीत उभ्या होतो, चंद्रा आणि मोगरा नाकाला नाक लावून, आणि माझी ओढणी शेजारच्या म्हशीच्या तोंडात अर्धी गेलेली. मामा धावत आले. आधी त्यांनी चंद्राला थोपटलं, मग म्हशीच्या तोंडातून ओढणी ओढून काढली आणि मग मला उतरवलं. तो क्रम मला आजही पटतो.

आता मोगरा आमच्यासोबत येते. तुमचं काय काय झालंय ते लिहा ना!

* * *

ताई, धागा काढलात हे फार बरं केलंत. मी हिंजवडीत नोकरी करतो, शनिवारी खेड शिवापूरजवळ एका शेतावर मदतीला जातो. पहिल्याच दिवशी खोगीर मी स्वतः चढवलं, तंग म्हणजे पोटाखालचा पट्टा चांगला आवळला, बोट जाईना इतका. बसलो. दहा पावलं गेलो आणि जग हळूहळू उजवीकडे कलायला लागलं. खोगीर फिरत होतं आणि खोगिराबरोबर मी. शेवटी मी घोडीच्या पोटाखाली, एक पाय रिकिबीत, डोकं खाली. आणि खालून बदकं आली. बदक चावतं हे मला त्या दिवशी कळलं. कानाची पाळी धरतं आणि सोडत नाही.

घोडी मात्र एक पाऊल हलली नाही. पाय पूर्ण सुटेपर्यंत दगडासारखी उभी. तिचे उपकार मी विसरणार नाही. नंतर कळलं की तंग आवळताना बरेच घोडे पोट फुगवून धरतात आणि मागाहून श्वास सोडतात. म्हणून चार पावलं चालवायचं आणि बसण्याआधी तंग पुन्हा बघायचा. नव्याने जाणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवा.

* * *

आमच्याकडे बादली वाजली की रपेट संपली. मागे गवळीदादा म्हशींना पेंड द्यायला निघाले, बादलीची कडी खणकली आणि माझा घोडा म्हशींच्या रांगेत जाऊन उभा राहिला, शेवटचा नंबर लावून. पंधरा मिनिटं मी रांगेत होते.

* * *

वय ६१, बँकेतून निवृत्त, राहणार सिंहगड रस्ता. माझा प्रसंग खडकवासल्याच्या पलीकडचा, चैत्रातला. ऊन मरणाचं. शेताच्या कडेला तळं आहे, म्हशी त्यात डुंबत होत्या. मी ज्याच्यावर होतो तो राजा पाण्याकडे गेला, म्हटलं पिऊ दे बिचाऱ्याला. प्यायला. मग पुढच्या पायाने पाणी उडवायला लागला. थपाक, थपाक. माझ्या चष्म्यावर शिंतोडे. मला इतकं कौतुक वाटलं! काठावर उभ्या नातीला हाक मारली, म्हटलं, बघ बघ, राजा खेळतोय.

काठावरचा मुलगा जिवाच्या आकांताने ओरडत होता, "काका, उतरा! काका, उतरा!" मला वाटलं, तोही कौतुकच करतोय. मग राजाचे पुढचे गुडघे वाकले.

घोडा पायाने पाणी किंवा माती उकरायला लागला की बहुतेकदा तो लोळायच्या बेतात असतो. हे ज्ञान मला छातीभर गाळात बसून मिळालं. पाय वेळेवर काढता आला, नाहीतर प्रकरण गंभीर होतं. राजा शेजारी चारही पाय वर करून लोळत होता आणि एक म्हैस माझ्याकडे शांतपणे बघत रवंथ करत होती. नात अजूनही विचारते, "आजोबा, पुन्हा कधी?" परवाच म्हटलं, यंदाच्या चैत्रात जाऊ.

* * *

काका, वाचून डोळ्यांत पाणी आलं हसून!

मी पशुवैद्यक आहे, पण लिहितेय स्वयंसेवक म्हणून. माझ्या घोडीला टर्कीने थांबवलं. कोंबडा पिसारा फुलवून वाटेत आला आणि घोडी मागे मागे चालायला लागली, थेट शेणाच्या उकिरड्यात. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, जवळजवळ ३५० अंशांतलं दिसतं. दिसत नाही ते अगदी कपाळासमोरचं आणि बरोबर शेपटीमागचं. टर्की लांबून दिसला होता, तिच्या नाकापुढे येऊन तो नाहीसा झाला. तिला किती धास्ती वाटली असेल, विचार करा. मागे उकिरडा आहे हे तिलाही दिसत नव्हतं, मलाही.

एक कळकळीची विनंती. पिशवीतून पोळ्या, लाडू नेऊन घोड्यांना भरवू नका. घोड्याला उलटी करता येत नाही. पोटशूळ उठला की जिवावर बेततं.

* * *

आम्ही धनगर, मी हडपसरला वाढलो. आजोबांच्या वाड्यात, म्हणजे मेंढरं घेऊन फिरणाऱ्या बिऱ्हाडांच्या तांड्यात, घोडी होती, भीमथडी. भीमेच्या खोऱ्यातली ही जात. मराठ्यांचं घोडदळ याच तट्टांवर दौडलं, आणि आज ती टिकून आहे ती बरीचशी आमच्या भटक्या मेंढपाळांच्या बिऱ्हाडांमुळे. पाठीवर भांडी, घोंगड्या, कोंबड्या, नुकतं जन्मलेलं कोकरू, सगळं लादून ती चालते.

सासवडच्या अलीकडे एका शेतावर मी मुलांना घोड्याची ओळख करून द्यायला जातो. तिथली म्हातारी घोडी एका वाड्यातूनच विकत आणलेली. दिवाळी सरली होती, कोकणाकडे उतरणारी मेंढरं रस्त्याने चालली होती. मी घोडीवर, फाटकाशी उभा. धूळ दिसली, घंटा ऐकू आल्या आणि तिने मान वर केली. असं खिंकाळली की अंगावर काटा आला. फाटक उघडंच होतं.

मी लगाम ओढला, हाका मारल्या, शिव्याही दिल्या. ती मेंढरांच्या मधोमध शिरली आणि त्यांच्या चालीने चालू लागली. काटेवाडीला तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्या रिंगण घालतात ना, तशी मेंढरं आमच्याभोवती फिरली. मग सगळेच मिळून पुढे. मागे टेम्पोवाले हॉर्न वाजवतायत, शाळेची मुलं टाळ्या वाजवतायत. दोनेक किलोमीटर गेल्यावर वाडा उतरला तशी घोडीही थांबली, तिच्या पाठीवरचं ओझं कुणीतरी उतरवील म्हणून. ओझं मीच होतो.

वाड्यातली एक आजी आली. तिने घोडीच्या कपाळावर हात ठेवला, माझ्याकडे बघून विचारलं, "कुणाचा रं तू?" मी आजोबांचं नाव आणि गाव सांगितलं. मग चहा झाला, बाजरीची भाकरी झाली. परत निघालो तेव्हा अंधार पडला होता. घोडी यायला तयार नव्हती. आजीनेच तिला लगामाला धरून रस्त्याच्या वळणापर्यंत आणून सोडलं.