ल्युपस आहे, नवीन नोकरी आहे, उन्हाळा तोंडावर आलाय – ऑफिसात सांगू का नको? मदत हवी आहे (सोलापूर)

नमस्कार. बरेच दिवस लिहू का नको चाललं होतं, आज लेक लवकर झोपली म्हणून बसले. मोठं होणार आहे, सांभाळून घ्या.

मी ३४ वर्षांची, जुळे सोलापुरात राहते, घरी नवरा, सासूबाई आणि ८ वर्षांची मुलगी. मला २०१९ पासून एसएलई म्हणजे ल्युपस आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, आपली प्रतिकारशक्ती जंतूंवर धावून जायचं सोडून आपल्याच सांध्यांवर, कातडीवर, कधी किडनीवर धावून जाते. दहातल्या नऊ पेशंट बायकाच असतात. संसर्गजन्य नाही, कॅन्सर नाही, आणि पूर्ण बरा पण होत नाही, गोळ्यांवर आटोक्यात राहतो. मुलगी वर्षाची होती तेव्हा माझं सुरू झालं, गालावर लाल चट्टे, केस मुठीनं गळायचे, सकाळी बोटं मिटायची नाहीत. पहिले सात-आठ महिने तर सगळे म्हणायचे उष्णता झालीय, सब्जा खा, कोण म्हणायचं आमवात आहे, एका डॉक्टरांनी नुसती मलमं दिली. शेवटी एएनए आणि डीएसडीएनए या रक्ताच्या टेस्ट केल्या तेव्हा कळलं. तेव्हाची नोकरी सोडावी लागली ती सुटलीच, कारण पुढच्याच वर्षी कोविड आला. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये कोविडवर चालेल म्हणून हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनच्या मागे सगळं जग लागलं होतं ना, ती माझी रोजची गोळी. नवरा लॉकडाऊनमध्ये चिठ्ठी दाखवत दाखवत मेडिकल पालथे घालत होता, एका पट्टीसाठी. ते दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो.

असो. आता मुद्द्यावर येते.

आमची सिद्धेश्वराची गड्डा यात्रा झाल्या झाल्या म्हणजे २० जानेवारीला मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल एक्स्पोर्टच्या कारखान्यात लागले, डॉक्युमेंटेशनला. पगार १७,५०० हातात थोडा कमी, प्रोबेशन सहा महिने. काम मला मनापासून आवडतंय हे आधी सांगते. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, सीएचएला (कस्टमचं काम बघणारा एजंट) मेल, शिपिंग बिलातला आकडा आणि आपला आकडा जुळतो का बघायचं. सहा वर्षं घरी बसल्यावर आपल्या टेबलावर आपल्या नावाची फाईल असणं काय असतं ते बसलेल्यालाच कळेल. पहिल्या पगारातून मुलीला सायकल घेतली, सासूबाईंना साडी घेतली, त्या ती साडी नेसून मुद्दाम शेजारी जाऊन आल्या.

मी इंटरव्ह्यूला आजाराचं काही सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही, मी बोलले नाही. तेव्हा बरं चाललं होतं, रोज एक हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन, प्रेडनिसोलोन (हे स्टिरॉइड) पाच मिलिग्रॅमवर आलेलं, अ‍ॅझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) पन्नास, दर तीन महिन्यांनी रक्त-लघवी तपासून पुण्याला दाखवायचं, सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं जायचं आणि संध्याकाळच्या हुतात्मानं परत यायचं.

घोटाळा झाला तो कंटेनरच्या दिवशी. आमच्याकडे कंटेनर भरताना डॉक्युमेंटेशनच्या माणसानं गेटजवळ उभं राहून बॉक्स मोजायचे, सील लावल्यावर नंबर टिपायचा, फोटो काढायचा. सील नंबरात एक आकडा चुकला तर पोर्टवर सगळं अडकतं, त्यामुळे ते काम दुसऱ्यावर टाकणं मलाच पटत नाही. फेब्रुवारीच्या शेवटी चाळीस फुटी कंटेनर दुपारी साडेबाराला लागला आणि तीनपर्यंत मी उन्हात. पत्र्याची शेड आहे पण ती गाडीच्या अलीकडेच संपते. ल्युपसला ऊन म्हणजे नुसता त्रास नाही, उन्हातल्या अतिनील किरणांनी आजारच जागा होतो, हे मला सात वर्षं माहीत आहे आणि तरी मी उभी राहिले कारण नवीन आहे, नाही कसं म्हणायचं. सनकोट गाडीच्या डिक्कीत राहिला होता, सनस्क्रीन सकाळी ८ ला लावलेलं, ते दोन तासांनी परत लावावं लागतं, कामात राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाल तापलेले, नाकावरून दोन्हीकडे लाल पट्टा, तोंडात फोड, अंगात कणकण. आणि मूठ वळेना. म्हणजे कशी ते सांगते, स्कूटीची किल्ली लावली पण फिरवता येईना, अंगठा आणि बोट किल्लीवर नुसतं घसरत होतं, शेवटी दोन्ही तळहातांत धरून फिरवली. ब्रेक कसा दाबणार म्हणून परत किल्ली काढली आणि घरात आले. ऑफिसात फोन करून सांगितलं व्हायरल आहे. दोन दिवस घरी. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी प्रेडनिसोलोन दहा दिवसांसाठी वाढवून दिलं, मग उतरवत आणलं.

तिसऱ्या दिवशी गेले तर पॅकिंगमधल्या एक मावशी, सोलापुरी टॉवेलच्या घड्या घालण्यात तीस वर्षं गेलीत त्यांची, माझ्याकडे बघून म्हणाल्या, अक्का तोंड का असं लाल झालंय, उन्हात गेल्ता काय? एवढ्या मोठ्या ऑफिसात त्यांनी एकट्यांनी बरोबर ओळखलं आणि मी त्यांना पण म्हणाले, नाही व्हायरल झालं होतं. घरी येताना सगळा रस्ता तेच डोक्यात होतं. मला खोटं बोलायची सवय नाही हो.

दुसरी गोष्ट खिडकी. माझं टेबल पश्चिमेच्या खिडकीला लागून आहे, तीननंतर ऊन थेट उजव्या हातावर येतं. काचेतून येणारं ऊन काही करत नाही असं मला पण आधी वाटायचं, पण सगळे किरण काच अडवत नाही, अतिनीलमधले यूव्हीए आत येतातच. मी एक सेकंडचा (थोडा दोष असलेला) टॉवेल मागून घेतला आणि खिडकीला पिनांनी लावला. दोन दिवसांनी अकाउंटच्या काकांनी काढून ठेवला, म्हणाले, मॅडम उजेड येऊ द्या की, व्हाउचर दिसेनात. ते चुकीचं काही बोलले नाहीत. कारण सांगितल्याशिवाय मी तरी कशाच्या जोरावर भांडणार.

आता मार्चचा मध्य, आत्ताच दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नाही. एप्रिल-मेमध्ये इथं पारा ४२-४३ ला जातो हे सोलापूरकरांना सांगायला नको. आणि त्याच दोन महिन्यांत आमच्या ऑर्डरी जास्त आहेत, आठवड्याला दोन-तीन कंटेनर. प्रोबेशन संपतं जुलैत.

घरची आघाडी पण सांगते म्हणजे चित्र कळेल. आमच्या भागात नळाला पाणी चार दिवसांनी येतं, कधी पहाटे, कधी रात्री ११ ला, पाण्याचा दिवस म्हणजे त्या रात्री झोप नाही. झोप मोडली की माझे सांधे दुसऱ्या दिवशी हमखास धरतात. नवरा भरतो पण त्याची रात्रपाळी आली की मी आणि सासूबाई, त्यांचे गुडघे तसे, माझी बोटं अशी. भाकरी थापणं तर वाईट दिवसांत होतच नाही, मग कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणि दही डब्यात. कडक भाकरीनं माझा संसार सांभाळलाय असं म्हटलं तरी चालेल.

पैशाचं पण बघून ठेवलंय. पगार २१,००० च्या आत आहे म्हणून ईएसआय (कामगार विमा) लागू आहे, माझ्या पगारातून पाऊण टक्का म्हणजे १३२ रुपये जातात, मालक सव्वातीन टक्के भरतो. दवाखाना आणि औषध पहिल्यापासून मिळतं, पण आजारपणाच्या रजेचे पैसे (पगाराच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत) नवीन माणसाला पहिले साधारण नऊ महिने मिळत नाहीत. म्हणजे या उन्हाळ्यात पडले तर बिनपगारी. आणि अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यात ल्युपसचं नाव नाही, त्यामुळे कायदा दाखवून जागा बदलून मागावी असंही नाही. जे काय मिळेल ते बोलूनच.

तर माझे प्रश्न. प्रोबेशनमध्ये असताना आजार सांगितला आणि नोकरी टिकली, असं कुणाचं झालंय का? ल्युपसच पाहिजे असं नाही, शुगर, फिट, थॅलेसेमिया, आमवात, काहीही. कुणाला सांगितलं, मालकाला का वरच्या साहेबांना का एचआरला (आमच्याकडे एचआर म्हणजे पगार करणारा एक मुलगा आहे, पोटात काही ठेवत नाही)? किती सांगितलं? आणि कारखान्यात काम करणाऱ्यांनी सांगा, कंटेनर सकाळी ८ ला किंवा पाचनंतर लावा असं ट्रान्सपोर्टवाल्याला सांगणं कितपत जमतं, का मी भलतंच मागतेय?

नवरा म्हणतो जुलैपर्यंत गप्प बस, पर्मनंट झालीस की बोल. त्याचं चूक नाही, त्यानं ती गोळीची वणवण बघितलीय, त्याला वाटतं हिचं पुन्हा घरी बसणं होऊ नये. पण जुलैपर्यंत गप्प बसायचं म्हणजे पूर्ण उन्हाळा त्या गेटवर उभं राहायचं. आणि दर तीन महिन्यांनी पुण्याला जायला सुट्टी लागतेच, दर वेळी कुठलं लग्न आणि कुठला दहावा काढू?

*

दोन दिवसांनी लिहितेय. इतक्या जणांनी एवढं मनापासून लिहिलंय, प्रत्येकाला वेगळं उत्तर देता येईना, दुपारच्या सुट्टीत वाचत होते आणि डोळे भरून आले.

ज्यांनी गुळवेल आणि शतावरी सुचवली त्यांचे आभार, पण मला डॉक्टरांनी प्रतिकारशक्ती वाढवणारं काही घेऊ नको असं बजावलंय, कारण इथं तीच जास्त झालीय. आणि ज्या ताईंनी लिहिलं की स्टिरॉइड वाईट, आजच बंद कर, त्यांना हात जोडून सांगते की असं कुणालाच सांगू नका. खूप दिवस घेतल्यावर शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायचं कमी करतं, एकदम बंद केलं तर माणूस कोसळतो, जीवावर बेततं. कमी करायचं ते डॉक्टरांच्या हातानं, हळूहळू. डोळ्यांचं ज्यांनी विचारलं त्यांना, हो, हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनला पाच वर्षं झाली की दरवर्षी डोळ्याचा पडदा तपासायचाच, मी तपासते, आत्तापर्यंत चांगला आहे.

एका दादांनी लिहिलं की ते स्वतः गोडाऊन बघतात आणि गाडीची वेळ आदल्या दिवशी सांगितली तर सकाळची मिळते, उलट हमाल पण खूश होतात कारण दुपारच्या उन्हात त्यांना पण नको असतं. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी आपली माझ्याच गालाचा विचार करत बसले आणि तिथं सात-आठ माणसं पाठीवर बॉक्स घेऊन त्याच उन्हात होती. काल मुकादमांना सहज विचारलं तर म्हणाले, मॅडम तुम्ही बोला साहेबांशी, आम्ही दोन वर्षं झाली म्हणालोय, कोण ऐकेना.

त्यामुळे आता ठरवलंय, गुरुवारी बोलणार. एचआरच्या मुलाला नाही, थेट प्लँटच्या साहेबांना, दार लावून. नवऱ्याला काल रात्री पाणी भरताना सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग पाइप दुसऱ्या पिंपात टाकून म्हणाला, फाईल घेऊन जा सोबत, रिपोर्ट दाखव, तोंडी कुणाला पटत नाही.

काय बोलायचं ते लिहून काढलंय, वाचून दुरुस्त करा:

"साहेब, मला सात वर्षं ल्युपस नावाचा आजार आहे. गोळ्या चालू आहेत, काम व्यवस्थित होतं, दोन महिन्यांत माझ्या एका कागदात चूक निघाली नाही. पण दुपारच्या उन्हात उभं राहिले की मी आजारी पडते, मागच्या महिन्यात ते व्हायरल नव्हतं, तेच होतं, तेव्हा सांगायची हिंमत झाली नाही. माझ्या तीन विनंत्या आहेत. कंटेनर सकाळी १० च्या आत किंवा पाचनंतर लावावा, हमालांचंही तेच म्हणणं आहे. माझं टेबल आतल्या भिंतीला हलवावं. आणि तीन महिन्यांतून एक दिवस पुण्याला जायला सुट्टी, हवं तर रविवारी येऊन काम भरून देईन."

व्हायरलचं वाक्य नवरा म्हणतोय काढ, आपणहून खोटं कबूल कशाला करायचं. मला ते ठेवायचंय. तुम्हाला काय वाटतं, आणि "आजार" म्हणू का नुसतं "उन्हाचा त्रास" म्हणू? गुरुवारपर्यंत सांगा.