पाणी मागितलं की पोरगं नाजूक?

वऱ्हाडी_पॅव्हेलियन: एका क्रिकेट प्रशिक्षकांची पोस्ट सगळीकडे फिरतेय: ड्रिंक्स ब्रेकआधी पाणी मागणारी पोरं मोठी होत नाहीत, आम्ही तहान मारूनच घडलो. वाचून डोकं फिरलं. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ला टेकतो आणि बारा वर्षांची पोरं अकरा वाजेपर्यंत नेट्समध्ये उभी. हेल्मेट काढलं की केस निथळतात, टी-शर्टवर मिठाचे पांढरे डाग. उन्हाची सवय व्हायला १०-१४ दिवस लागतात. परीक्षा संपवून आलेल्या पोराला पहिल्याच दिवशी दोन तास पळवणं ही शिस्त नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी द्या आणि दहाला मैदान बंद करा.

जुना_ओपनर: १९८६, मद्रास कसोटी. ऑस्ट्रेलियाचा डीन जोन्स ओकत होता, तरी २१० काढले. तालमीतही कुणी बाटल्या घेऊन जात नव्हतं.

वऱ्हाडी_पॅव्हेलियन: पुढचंही सांगा की. त्याला दवाखान्यात नेऊन सलाईन लावावं लागलं. तो पंचविशीतला कसोटीपटू होता, तुमच्या शिबिरातलं सातवीचं पोर नव्हे. आणि १६ एप्रिल २०२३ला खारघरच्या कार्यक्रमात माणसं उन्हात नुसती बसली होती, तरी उष्माघाताने गेली.

कबड्डीची_आई: पाणी ठेवलं म्हणजे संपलं का? जिल्ह्याच्या निवड चाचणीत माझी लेक दुपारी चक्कर येऊन पडली. बाटली भरलेलीच होती. मैदानावर मुलींना संडास नव्हता, म्हणून सकाळपासून तिने घोटही घेतला नव्हता. हे कुठल्या प्रशिक्षकाच्या डोक्यात येतं?

शिबिर_चालक: सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. आम्ही प्रत्येक पोराला ओआरएसचा टेट्रापॅक देतो.

बालरोग_डॉक्टर: तो खरा ओआरएस असेल तर ठीक. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं. बाजारातल्या कित्येक पॅकमध्ये साखर याच्या कितीतरी पट. हैदराबादच्या डॉ. शिवरंजनी संतोष यावर वर्षानुवर्षं लढल्या, तेव्हा कुठे ऑक्टोबर २०२५मध्ये एफएसएसएआयने (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) अशा पेयांवर ‘ओआरएस’ लिहायला बंदी घातली.

शिबिर_चालक: मग काय पोरांना कडू औषध पाजू? गोड असलं तरच पितात. मैदान भाड्याने घेऊन बघा एकदा, मग शिकवा.

बालरोग_डॉक्टर: तासाभराच्या सरावाला साधं पाणी पुरतं. जास्त वेळ घाम गाळणार असतील तर लिटरभर पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. फी घेता ना, मग एवढं करा.

शिबिर_चालक: फीवर येऊ नका!

जुना_ओपनर: भांडण थांबवा. दहाला मैदान बंद करा, चालेल. पाणीही द्या. पण थकल्यावर उभं राहायला शिकवायचं की नाही?

बालरोग_डॉक्टर: शिकवा, पण थकवा आणि उष्माघात यांतला फरक ओळखा. पोरगं बरळायला लागलं, झोकांड्या खायला लागलं की पाणी पाजत बसू नका, ठसक्याने श्वासनलिकेत जाईल. सावलीत न्या, पॅड-हेल्मेट काढा, बर्फाच्या पाण्याच्या टबात बसवा. टब नसेल तर अंगावर सतत गार पाणी ओता. रुग्णवाहिका बोलवा, पण ती येईपर्यंत गार करणं थांबवू नका.

वऱ्हाडी_पॅव्हेलियन: जिल्हा संघटनेला पत्र लिहितोय, त्यात बर्फ आणि टबाचं घालतो. आज रात्री मसुदा इथे टाकतो.

कबड्डीची_आई: टेट्रापॅकवर एवढं भांडलात, संडासावर एक अक्षर नाही. तेही पत्रात घाला, नाहीतर कितीही पाणी ठेवा, आमच्या मुली पिणार नाहीत.